आधी गावाला, मग बापाला

पोरानं काय दिवे लावले हे आधी गावाला कळतं आणि सगळ्यात शेवटी बापाला. तालुक्याच्या गावात इंटरनेट पुरवणाऱ्या माझ्यासारख्याची गत तीच. माझ्या नेटवर्कातून कोण स्पॅम पाठवतंय, कुणाचा राउटर बॉटनेटमध्ये, म्हणजे हॅकरांच्या ताब्यातल्या यंत्रांच्या टोळीत, सामील झालाय, याची बित्तंबातमी साता समुद्रापार असते. मला ती कळते ती 'मेल परत येतायत' म्हणून गिऱ्हाईक फोनवर माझा उद्धार करतं तेव्हा.

म्हणून ही माहिती स्वतःच गोळा करायचं ठरवलं. नेटवर्काला तक्रारींसाठी 'अब्यूज' नावाचा मेलबॉक्स असावा, असा संकेत १९९७ पासून आहे. आमचाही आहे, पण रिकामा. कारण तक्रारीसोबत लोक मूळ स्पॅम पुरावा म्हणून जोडतात आणि आमचा इमानदार फिल्टर तक्रारदारालाच कचऱ्यात टाकतो!

मग स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेची काळी यादी तपासली. आमच्या पोऱ्यानं गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरमधून) विचारलं, तर आमचे सगळेच आयपी पत्ते बदनाम. अजून कुणाला दिलेसुद्धा नाहीत, तेही! नीट पाहिलं तर उत्तर होतं १२७.२५५.२५५.२५४; म्हणजे 'सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारू नका'. अपमानच, पण निदान आकड्यात.

शॅडोसर्व्हर ही संस्था मात्र नेटवर्कातल्या बिघडलेल्या यंत्रांचा रोजचा अहवाल फुकट देते. फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला. पण नेटवर्क तुमचंच आहे एवढी खात्री पटली की सीएसव्ही (तक्त्यांच्या) फायलींचा रतीब सुरू.

खरी गंमत पुढे. आमच्याकडे एका पब्लिक आयपीमागे अख्खी आळी बसलेली. एकच पत्ता अनेकांत वाटणाऱ्या सीजीनॅट तंत्राची कृपा. त्यामुळे पोर्ट नंबर (त्या पत्त्यातला जोडणीचा क्रमांक) आणि अचूक वेळ जुळवल्याशिवाय घर सापडत नाही. त्यात अहवालातली वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत. तिकडचे रात्रीचे ८.४० म्हणजे आपले २.१०, तारीखही दुसऱ्या दिवसाची. लॉग चाळून डोळे फुटायची वेळ आली तेव्हा गुन्हेगार सापडला: मिठाईच्या दुकानातला, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर.

"काका, तुमचा डीव्हीआर परदेशातल्या सर्व्हरवर हल्ला करतोय."

"काहीतरीच काय! तो भिंतीला ठोकलाय."

"पासवर्ड तरी बदला."

"जुना कुणाला ठाऊक? बसवणारा पोरगा दुबईला गेला." काकांनी पेढ्यांवरची माशी हाकलली. "आणि परदेशातनं आत शिरलेत ना ते? मग त्यांनाच विचारा की पासवर्ड!"