उन्हाने बर्फ बसतो आणि वाऱ्याने उतार मोकळा होतो?

माझी भाची मार्चमध्ये उत्तराखंडात बर्फाच्या ट्रेकला निघाली आहे. परवा तिनेच मला मेसेज दाखवला, "मामा, हे वाच, म्हणजे आईची काळजी मिटेल." नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर तो आठवडाभर फिरतोय. म्हणणं असं: दोन दिवस कडक ऊन पडलं की बर्फ बसतो, हिमस्खलनाचा धोका संपतो, वारा सुटला की ताजा बर्फ उडून उतार मोकळे होतात, फक्त ओरडू नका, आवाजाने बर्फ कोसळतो.

वाऱ्याचं आधी घेतो, कारण त्याने जीव जाईल. वारा बर्फ उडवतो खरा, पण तो नेऊन टाकतो कुठे? डोंगराच्या धारेच्या एका अंगाचा उचलून पलीकडच्या आडोशाच्या अंगाला. वर निळं आभाळ, हिमवर्षाव नाही, आणि काही तासांत त्या उतारावर मोठा भार चढलेला असतो. उडताना कणांचा चुरा होतो, तो घट्ट बसून लादी बनते. खाली भुसभुशीत थर, वर ही लादी, उतार ३० ते ४५ अंशांचा. एका माणसाच्या वजनाने खालचा थर खचतो, तडा लांबवर धावतो आणि अख्खी लादी सुटते. हरिहर गडाच्या माथ्यावर वारा झोंबला की आपण आडोशाला सरकतो. तीच सवय तिथे घात करते.

आवाजाचं साफ खोटं. ओरडण्याने तेवढा दाब पडतच नाही. दावोसची स्विस हिमसंशोधन संस्था सांगते की माणसं सापडतात त्या हिमस्खलनांपैकी दहातली सुमारे नऊ त्यांनी स्वतः किंवा सोबत्यांनीच सुटवलेली असतात. म्हणजे गप्प राहून घोळक्याने उतार ओलांडणाराच धोक्यात.

उन्हाबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. दिवसा थोडं वितळून रात्री कडक गोठलं, असं काही दिवस चाललं तर बर्फ बसतो. पण ताज्या बर्फावरचं पहिलं कडक ऊन उलटं वागतं: पाणी झिरपतं, कणांची पकड सुटते. रात्र ढगाळ आणि उबदार गेली तर गोठणंही होत नाही. सावलीतल्या उतारांवर तर कमकुवत थर कित्येक आठवडे तसाच राहतो.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्याच द्रौपदी का दांडा शिखरावर हिमस्खलनात २९ जणांचा जीव गेला. ते गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेणारे आणि त्यांचे प्रशिक्षक होते. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेकदा तो वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बाहेरून कुणी पोहोचत नाही.

भाचीला म्हटलं, लीडरला फोन करून विचार: गेल्या तीन दिवसांत वारा कुठून वाहिला, रात्री गोठलं का, उभा उतार किती वाजता ओलांडणार, एकेक करून की सगळे मिळून? उत्तरं धड आली नाहीत तर भरलेले पैसे बुडू देत. ताईशी मी बोलतो.