दुर्गमपणा जपा, उपग्रह येत आहेत

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांनी सध्या एकच पथ्य पाळावे: आपला दुर्गमपणा कोणत्याही परिस्थितीत कमी होऊ देऊ नये. रस्त्यासाठी निवेदने देणे, मोबाइलचा टॉवर मागणे, वाकलेला विजेचा खांब सरळ करून घेण्यासाठी तालुक्याला खेटे घालणे हे सारे उद्योग तूर्त थांबवावेत. ज्या गुणामुळे डॉक्टर, मास्तर आणि एस.टी. आजवर आपल्यापासून लांब राहिले, त्याच गुणावर आता उपग्रहावरून थेट घरात इंटरनेट पुरवू पाहणाऱ्या जगातील बड्या धनिकांची नजर गेली आहे, आणि ऐन भाव चढत असताना माल बिघडवणे शहाणपणाचे नाही.

एलन मस्क यांची स्टारलिंक सुमारे 550 किलोमीटरवरून, भारती समूहाची भागीदारी असलेली वनवेब 1,200 किलोमीटरवरून आणि जिओ व लक्झेंबर्गची एसईएस यांची जोडकंपनी सुमारे 8,000 किलोमीटरवरून आपल्याच पाड्याकडे डोळे लावून बसली आहे. ॲमेझॉनही रांगेत आहे. जुने भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर असल्याने संदेश जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. खालच्या कक्षेतील उपग्रहांनी तो विलंब जवळजवळ संपवला आहे, त्यामुळे रुग्णाला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवत असताना तो झोळीत आहे, ही बातमी मुंबईला तत्क्षणी कळू शकेल. झोळी मात्र आपल्याच वेगाने चालेल.

या कंपन्यांच्या भांडणात आपण चुकूनही बाजू घेऊ नये. उपग्रहसेवेसाठीच्या रेडिओ लहरींचा (स्पेक्ट्रमचा) लिलाव व्हावा की सरकारने त्या ठरावीक दराने वाटून द्याव्यात, यावरून 2024 च्या ऑक्टोबरात मोठी जुंपली होती. जिओला लिलाव हवा होता, भारती समूहाच्याच एअरटेलच्या प्रमुखांनीही परवाना शुल्क भरा आणि लहरी विकत घ्या असे सुनावले होते, तर मस्क यांच्या मते असा लिलाव जगात कोठे झालाच नव्हता. 2023 च्या दूरसंचार कायद्याने वाटपाचाच मार्ग आधीच निवडलेला असल्याने सरकारने तोच कायम ठेवला. पुढे 11 मार्च 2025 रोजी एअरटेलने आणि दुसऱ्याच दिवशी जिओने स्टारलिंकशी करार केल्याचे जाहीर केले. बांधावरून डोकी फोडणारे भाऊबंद संध्याकाळी एकाच ताटात जेवतात आणि साक्षीला गेलेला शेजारी तेवढा दोघांचा वैरी ठरतो, हे खान्देशात कोणी कोणाला शिकवायला नको.

दरांविषयी अधीर होऊ नये. डिसेंबर 2025 मध्ये स्टारलिंकच्या संकेतस्थळावर महिन्याला 8,600 रुपये आणि यंत्राचे 34,000 रुपये असे आकडे झळकले, तेव्हा ते चाचणीचे आकडे चुकून दिसले, असा कंपनीने खुलासा केला. ज्या घराचे निम्मे वर्ष गुजरातेत ऊसतोडीवर जाते, त्या घराने हा खुलासा फ्रेम करून लावावा, कारण त्याच्या हातून एवढे पैसे जाणार असल्याची कल्पना कोणी चाचणीपुरती का होईना केली, हाही एक सन्मानच आहे. मे 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शहरी ग्राहकामागे कंपनीकडून वर्षाला 500 रुपये जादा घ्यावेत आणि ग्रामीण ग्राहकाला त्यातून वगळावे, अशी शिफारस केली होती. तेव्हा जळगावच्या ज्या सद्गृहस्थांचे केळीच्या मळ्यात वातानुकूलित फार्महाऊस आहे, त्यांनी वेळीच ग्रामीण होऊन घ्यावे.

5 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली आणि त्यात गडचिरोली, धाराशिव, वाशीम यांच्या पंगतीत नंदुरबारलाही पाट मिळाला. असा करार करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पहिलेपणाचे आपल्याला अप्रूप नाही; देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच टेंभलीत दिले गेले. अशा प्रसंगी छायाचित्रासाठी पुढच्या रांगेत उभे राहावे आणि मंडप निघाला की निमूटपणे घरी जावे.

अंगणात डिश बसवायचीच झाली, तर तिला मोकळे आकाश लागते, फांदी आड आली तरी जोडणी तुटते. म्हणून धडगावकरांनी अंगणातला आंबा तोडण्याची मानसिक तयारी ठेवावी. त्या झाडाच्या कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर विकण्यात जो उन्हाळा जात होता, तो आता आमचूर कसा करावा याचे व्हिडिओ पाहण्यात घालवता येईल. डिश दिवसरात्र पाऊणशे-शंभर वॉट वीज खाते. तिची सोय आकाशातून होत नाही, त्यासाठी वर सांगितलेला वाकलेला खांबच उपयोगी पडतो.

डिश बसल्यावरही, मोबाइलची रेंज मिळते त्या टेकडीची पायवाट मोडू देऊ नये. श्रावणात दाट ढग आणि मुसळधार पाऊस आला की उपग्रहाचा सिग्नल मंदावतो, वीज तर त्याआधीच गेलेली असते, आणि रेशन दुकानदाराचे मशीन त्या दिवशीही अंगठा मागते. तेव्हा ते मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुकानदार पुढे, म्हातारीला पाठुंगळी घेतलेला नातू मागे, अशी वरात टेकडीवर न्यावी, अंगठा पदरानेच कोरडा करावा आणि धान्याची पावती निघेपर्यंत वर बघू नये, कारण पाऊस डोळ्यांत जातो.