तानपुऱ्यामागचं सुं सुं

दोन तानपुरे लागलेत, गायकाने अजून तोंड उघडलेलं नाही, आणि त्यांच्या मागे अखंड सुंऽऽऽ. शेजारच्या घरात कुणी कुकर गॅसवर ठेवून विसरलंय असं. २२ हजार रुपये मोजून घेतलेल्या म्युझिक प्लेअरमधून मला ऐकू आलेली पहिली गोष्ट ही. वाटलं, रेकॉर्डिंग जुनं असेल. पॉज केलं. तानपुरे थांबले. सुं सुरूच! तेव्हा जे डोकं फिरलंय ते आज महिना झाला तरी जागेवर आलेलं नाही.

माझी मागणी काय होती ते ऐका. मी फोंड्याहून पणजीला रोज बसने जातो. तीसेक किलोमीटर, पण सकाळच्या गर्दीत तास कुठे जातो कळत नाही. तेवढ्या वेळात फोन बॅगेत टाकावा, कानात वायरीचे इअरफोन घालावेत आणि एक राग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. आवाज स्वच्छ हवा. आणि एका हाताने दांडा धरलेला असताना दुसरा हात खिशात घालून, न बघता, पुढचं लावता यावं. बस्स. यात कुठे मी राजवाडा मागितला?

आणि ही वस्तू होती हो! २००१ साली पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा. माझ्याकडे नंतरचा क्लासिक होता, १६० जीबीचा. खिशातल्या खिशात अंगठ्याने चाक फिरवायचं, की काम झालं. २०१४ मध्ये ॲपलने तो क्लासिक बंद केला, २०२२ मध्ये आयपॉड हे नावच मोडीत काढलं. मधल्या काळात, २०१६ ला, आयफोनचं हेडफोनचं भोक बुजवलं. तेव्हा ज्या कंपन्या फिदीफिदी हसल्या, त्यांनीच पुढे गुपचूप आपापली भोकं बुजवली. आता फोनला शेपटी, म्हणजे चार बोटांचा वायरीचा जोड, लावा आणि त्या शेपटीला इअरफोन.

पणजीत तीन दुकानं फिरलो. पहिल्यात पोऱ्याने पत्र्याच्या डब्यासारखा ब्लूटूथ स्पीकर काढून ठेवला, वर म्हणाला, "वॉटरप्रूफ आसा सर." दुसऱ्यात पाचशे रुपयांचं एफएमवालं खेळणं. तिसऱ्यातल्या म्हाताऱ्या मालकाने निदान खरं सांगितलं, "ना ओ, आतां असलें कोणूच घेना. फोन आसा न्हय?" एवढ्या गवयांच्या गोव्यात गाणं नीट ऐकायचं यंत्र हातात घेऊन, कानाला लावून, मग विकत घ्यावं अशी एक जागा मला सापडली नाही. म्हणजे काय, आंधळेपणाने ऑनलाइन मागवा.

ऑनलाइन गेलात की आकड्यांचा पाऊस. ३२ बिट! ७६८ किलोहर्ट्झ! दोन दोन डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिप! ५०० मिलिवॅट! अहो, सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला, आणि त्यात त्याच्या निम्म्या, २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाला ऐकू येतं ते फार तर २० पर्यंत, तेही विशीत. माझ्या पन्नाशीच्या कानांना १२ च्या पुढे काही लागत असेल तर नवलच. मग ७६८ कुणासाठी, वटवाघळांसाठी? (आमच्या आवारातल्या चिकूवर येतात रोज. त्यांना विचारून बघतो.)

५०० मिलिवॅटची तर कमाल आहे. माझ्या इअरफोनच्या खोक्यावर लिहिलंय, १ मिलिवॅटला ११० डेसिबल. एकाच मिलिवॅटला! तेवढ्यानेच कान बधिर व्हायची वेळ येते, आणि हे मला ५०० विकतायत. घरातल्या झिरोच्या बल्बसाठी अंगणात सबस्टेशन उभं करण्यातला प्रकार. बरं, ही ताकद नुसती वाया जात नाही. तगड्या अँप्लिफायरची स्वतःची जी बारीकशी सुरसुर असते, ती अशा हळव्या इअरफोनमध्ये सगळीच्या सगळी ऐकू येते. तीच ती सुं. आणि आवाजाच्या पहिल्या पायरीवर काही ऐकू येत नाही, तिसरीवर गवई कानात शिरून ओरडतो. मधलं काही नाहीच.

जे छापायला हवं ते मात्र छापत नाहीत. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स किती? म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा. ढोबळ हिशेब असा की तो इअरफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाच्या आत असावा. माझे इअरफोन १६ ओहमचे, म्हणजे प्लेअर २ ओहमच्या आतला हवा. तो जास्त असला तर ज्या इअरफोनमध्ये तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे चिमुकले स्पीकर, कोंबलेले असतात त्यांचा पोतच बदलतो, कुठे खर्ज फुगतो, कुठे तार सप्तक दबतं. एवढा एक आकडा मी कंपनीला तीनदा लिहून विचारला. तिन्ही वेळा उत्तर काय? "सर, आमचा प्लेअर ३२ बिट ७६८ किलोहर्ट्झ सपोर्ट करतो." मी विचारतोय लग्न किती वाजता, हे सांगतायत जेवणात काय!

वरच्या मजल्यावर तर आनंदच आहे. सोनीने सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या अंगाचा वॉकमन काढलाय, अर्धा किलोच्या आसपास वजन, किंमत लाखांत. सोन्याचा मुलामा दिलेलं तांबं म्हटलं की मला आमच्या तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर आठवतात. १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, ती अशाच तबकडीवर. तिथे निदान कारण होतं, ती कोट्यवधी वर्षं टिकायला हवी होती. इथे मुलामा कशाला, बाणस्तारीच्या पुलावरून जाताना चोराला लांबून दिसावा म्हणून? बरं, केसरबाईंचं जे काही आपल्या हाती उरलंय त्यातलं पुष्कळसं ७८ गतीच्या तबकड्यांवरचं, तीन-साडेतीन मिनिटांचं, मूळचीच खरखर असलेलं. तेच हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने साठवलेलं, करून विकलं तरी काय होणार? खरखर तेवढी जास्त रेखीव ऐकू येईल.

भाचा म्हणतो, "मामा, वायरलेस घ्या ना, कशाला डोक्याला ताप." सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एलडॅक ही पद्धत उत्तम चालली तर ९९०, आणि गर्दीत अडखळली की ३३०. खरं सांगायचं तर बसच्या खडखडाटात मला हा फरक कळणार नाही, हे त्याला सांगितलेलं नाही. माझा राग वेगळा आहे. त्या चिमुकल्या बोंडांची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते आणि सहसा बदलता येत नाही. माझे वायरीचे इअरफोन नऊ वर्षांचे आहेत. एकदा वायर बदलली, बाकी ठणठणीत.

तर २२ हजारांच्या या दिव्य वस्तूचे आणखी गुण ऐका. गाण्यांची नावं मी बसून, चष्मा लावून, देवनागरीत लिहिली होती. प्लेअरवर दिसतात नुसते चौकोन. एका चौकोनात मारवा आहे, एकात नाट्यगीत, ओळखा! जिथे अक्षरं दिसतात तिथे वेलांट्या अक्षराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्यात. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे फाइल बदलते, तर हे महाशय दीड सेकंद श्वास घेतात. समेवर! तबलजी समेवर येतोय, आणि टुक, शांतता, मग पुढचं. गॅपलेस, म्हणजे दोन फाइलींमध्ये खंड नाही, असं खोक्यावर ठळक छापलेलं आहे. बटण एकच, तेही चालू-बंदचं. बाकी सगळं टचस्क्रीनवर. जून महिन्यात, ओल्या बोटांनी, उभ्याने. बोट ओलं असलं की तो स्वतःच्या मर्जीने गाणी लावतो.

परत करायला गेलो. पॉलिसीत लिहिलंय, फक्त बदलून मिळेल, पैसे नाहीत. बदलून आलेल्यातही सुं. कस्टमर केअरची बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही कान दाखवून घेतलेत का?" घरी हे सांगितलं तर बायको हसून हसून बेजार. तीही म्हणते दाखवून घ्या.

आणि संताप कशाचा होतो सांगू? या सगळ्यात आवाजात सर्वांत मोठा फरक कशाने पडला असेल, तर दोनशे रुपयांच्या फोमच्या टोप्यांनी. जुन्या सिलिकॉनच्या टोप्या इथल्या घामात कानातून घसरायच्या, फट पडायची आणि खर्ज त्या फटीतून पळून जायचा. हे इतकं साधं आहे. पण ते कुणी सांगत नाही, कारण दोनशे रुपयांत कुणाचं पोट भरतं?

प्लेअर आता कपाटात आहे, बुरशी लागू नये म्हणून कापराच्या डबीशेजारी. मी परत फोनला शेपटी लावून ऐकतो. ती शेपटी, चिडायला कारण म्हणून सांगतो, त्या २२ हजारांपेक्षा शांत आहे, सुं नाही. फक्त जरा हिसका बसला की सटकते, म्हणून तिला भाजीच्या जुडीचं रबर गुंडाळलंय. आज म्हार्दोळपर्यंत टिकली. मंगेशीच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि डावा तानपुरा गेला.