'आधी ज्येष्ठांचं पान': शास्त्राच्या नावावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पितृपक्ष तोंडावर आला की हा मेसेज फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: प्राचीन काळी देवाधर्माच्या जेवणात घरातल्या ज्येष्ठांनी पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नसे, हे शास्त्रात लिहिलं आहे. सून सगळ्यांत शेवटी जेवे, शक्यतो सासू-सासऱ्यांच्या उष्ट्या पानात, कारण ज्येष्ठांच्या लाळेतून प्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत जाते. राजसूय यज्ञातही अग्रपूजेचा मान वयालाच होता. जगात दुसऱ्या कुठल्या संस्कृतीत हे सापडणार नाही. शेवटी 'अभिवादनशीलस्य' हा श्लोक आणि जोडलेले हात.

आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा त्या ग्रुपात सातवा महिना लागलेली एक सून आहे, हे पाठवणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून हे उत्तर. स्मृतिग्रंथांत इतरत्र काय काय आहे तेही माहीत आहे आणि त्यांची आरती ओवाळायची इच्छा नाही. पण मेसेज शास्त्राचं नाव घेतो, तर शास्त्रच उघडू.

सुनेनं शेवटी जेवावं, हा यातला सगळ्यांत घातक मुद्दा, म्हणून तो आधी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात 105 वा श्लोक आहे:

बालस्ववासिनीवृद्धगर्भिण्यातुरकन्यकाः ।
संभोज्यातिथिभृत्यांश्च दम्पत्योः शेषभोजनम् ॥

लहान मूल, स्ववासिनी, वृद्ध, गरोदर बाई, आजारी माणूस, मुली, मग पाहुणे आणि नोकरचाकर, एवढ्यांना जेवू घालायचं आणि उरलेलं नवरा-बायकोनं खायचं. 'स्ववासिनी' म्हणजे लग्न होऊन माहेरी असलेली लेक, असं मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका सांगते. मनुस्मृतीत (3.114) हीच यादी आणखी ठसठशीत आहे: सुवासिनी, कुमारिका, रोगी आणि गरोदर बायका यांना अतिथींच्याही आधी जेवू घालावं, 'अविचारयन्', म्हणजे मागचापुढचा विचार न करता. इथल्या सुवासिनी म्हणजे नवीन लग्न झालेल्या सुना आणि लेकी, असं टीकाकार सांगतात. काही प्रतींत श्लोकातल्या 'अग्रे' (आधी) या शब्दाच्या जागी 'अन्वक्' (पाठोपाठ) असा पाठ आहे. तो धरला तर या मंडळींचा नंबर पाहुण्यांच्या पाठोपाठ लागतो, पण शेवटी तरीही नाही. शेवटी कोण, ते दोनच श्लोकांनंतर (3.116) आहे: ब्राह्मण, घरची माणसं आणि नोकर जेवल्यावर उरलेलं 'दम्पती'नं खावं. दम्पती म्हणजे यजमान आणि त्याची बायको, दोघंही. यातलं बायकोपुरतं घरोघरी लक्षात राहिलं आणि यजमान पहिल्या पंगतीत पाटावर जाऊन बसला.

शेवटच्या पंगतीत प्रत्यक्षात काय होतं तेही बघा. श्राद्धाचा काळ अपराह्णाचा. दिवसाचे पाच भाग केले तर अपराह्ण हा चौथा भाग, आणि सहा ते सहाच्या दिवसात तो साधारण 1 वाजून 12 मिनिटांनी सुरू होतो आणि 3 वाजून 36 मिनिटांनी संपतो. स्वयंपाक मात्र सकाळी दहालाच तयार असतो. ब्राह्मण, मग पुरुष, मग पाहुण्या बायका, मग घरच्या सुना असं करत शेवटच्या पानाला साडेतीन-चार वाजतात. तोवर भात पातेल्यात कोमट अवस्थेत पाच-सहा तास पडलेला असतो. भातात 'बॅसिलस सिरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दुधाच्या खिरीलाही तेवढा वेळ तसं ठेवलेलं सोसत नाही. तळलेले वडे टिकतात, पण गरोदर बाईचं वड्यांवर भागत नाही. शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलं की तिची साखर इतरांपेक्षा लवकर उतरते, घेरी येते.

उपाय साधा आहे. स्वयंपाक होताच नैवेद्याचं, काकबलीचं आणि ब्राह्मणांचं अन्न वेगळ्या भांड्यांत काढून ठेवायचं, आणि पोरंसोरं, आजारी माणूस, गरोदर बाई यांना स्वयंपाकघरातच गरम गरम वाढून मोकळं करायचं. शेवटच्या पंगतीचा भात वेगळा, उशिरा लावायचा.

आता लाळ. या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं हीच शोकांतिका आहे. आईच्या दुधातली प्रतिपिंडं तान्ह्या बाळाच्या आतड्यात काम करतात, हे खरं. पण सासऱ्यांच्या ताटातल्या आमटीला लागलेली लाळ मोठ्या माणसाच्या पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचून जाते. त्यातून प्रतिकारशक्ती येत नाही. येतं ते वेगळं: तोंडावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू, दात किडवणारे जंतू, पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर.

आणि शास्त्र? मनुस्मृतीत सरळ आहे, 'नोच्छिष्टं कस्यचिद्दद्यात्' (2.56), उष्टं कोणालाही देऊ नये. इथं एक कबुली द्यावी लागते. आपस्तंब धर्मसूत्रात (1.1.4.11) 'पित्याचं आणि थोरल्या भावाचं उष्टं खावं' असं सूत्र आहे. पण ते गुरुगृही राहणाऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या नियमांत आहे. त्यात ना सून आहे, ना सासू. आणि लगेच पुढचं सूत्र सांगतं की त्यांचं वागणं धर्माविरुद्ध असेल तर ते खाऊ नये. मेसेजवाल्यांनी पहिलं सूत्र कुठून तरी ऐकलेलं दिसतं, पुढचं ऐकलेलं दिसत नाही.

'ज्येष्ठांनी पहिला घास घेतल्याशिवाय' हे आपल्या पंगतीचं वर्णनच नव्हे. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे वरणभात, सगळ्यांत शेवटी अन्नशुद्धीचं तूप. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत नव्वदीचे आजोबाही थांबतात. मग चित्राहुती (पानाबाहेर ठेवायची भाताची शितं), आपोशन (जेवणाआधीचं आचमन), यजमानाचं 'सावकाश होऊ द्या', आणि सगळी पंगत एकदम जेवायला लागते. एकाला आधी, एकाला नंतर, एकाला जास्त, एकाला कमी, याला पंक्तिभेद म्हणतात आणि तो दोष मानला आहे. वयाचा मान दिसतो तो उठताना: म्हाताऱ्या माणसाचं जेवण रेंगाळलं तर बाकीचे त्याच्यासाठी बसून राहतात. श्राद्धात तर कर्ता बहुधा थोरला मुलगा असतो, कित्येकदा स्वतःच साठी-सत्तरीचा, आणि ब्राह्मण जेवून तृप्त होईपर्यंत त्याला उपाशी राहावं लागतं. तो मधुमेही असेल तर घरच्यांनी लक्ष ठेवायचं: जेवणाआधीचं इन्सुलिन सकाळच्या सवयीनं टोचून घेतलं आणि पान दोन तासांनी आलं, तर साखर धाडकन खाली येते. ते इंजेक्शन पान मांडल्यावरच, आणि अशा दिवसाचे डोस आधी डॉक्टरांना विचारून.

युधिष्ठिराच्या राजसूयाचा दाखला देणाऱ्यानं महाभारतातलं सभापर्व उघडलेलं नाही. मुळात तिथं प्रश्न अर्घ्याचा आहे, जेवणाचा नाही. पण तेही असो. युधिष्ठिरानं विचारलं, पहिलं अर्घ्य कोणाला? सभेतल्या वडीलधाऱ्या भीष्मांनी नाव सांगितलं कृष्णाचं, आणि अर्घ्य दिलं सहदेवानं, म्हणजे पांडवांतल्या धाकट्यांपैकी एकानं. यावर उसळला तो शिशुपाल. त्याचा युक्तिवाद असा, की कृष्णाला वृद्ध म्हणून पुजत असाल तर त्याचा बाप वसुदेव इथं बसलेला आहे. आचार्य म्हणून पुजत असाल तर द्रोण आहेत. वयाची बाजू त्या सभेत शिशुपालानं लढवली. त्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

'अभिवादनशीलस्य' श्लोक खरा आहे (मनु 2.121), पण तो नमस्काराबद्दल आहे, पानाबद्दल नाही. त्याच अध्यायात मानाची पाच कारणं चढत्या क्रमानं दिली आहेत: धन, नाती, वय, कर्म, विद्या. वय मधोमध.

मग मेसेजमध्ये खरं काही आहे का? थोडं आहे. याज्ञवल्क्याच्या यादीत 'वृद्ध' हा शब्द आहेच, आपस्तंबाच्या यादीतही (2.2.4.12) आहे. म्हातारी माणसं यजमानाच्या आधी जेवतात, हे मान्य. पण ती कोणाच्या रांगेत आहेत ते पाहा: लहान मूल, आजारी माणूस, गरोदर बाई. ज्यांना भूक सोसवत नाही, त्यांची ती रांग आहे. त्या रांगेतून म्हाताऱ्यांना उचलून पुढं ठेवायचं आणि गरोदर सुनेला मागं ढकलायचं, हे कुठल्या श्लोकात आहे ते मेसेज लिहिणाऱ्यानं दाखवावं.

राहिला 'जगात कुठंच नाही' हा मुद्दा. कोरियात आजही घरातल्या मोठ्यानं चमचा उचलेपर्यंत धाकटे थांबतात. चीनच्या 'लीजी' या प्राचीन ग्रंथात गावजेवणाचा विधी आहे. त्यात साठीचे बसतात, पन्नाशीचे उभं राहून त्यांची सेवा करतात, आणि पदार्थांची भांडी वयानुसार मोजलेली आहेत: साठीला तीन, सत्तरीला चार, ऐंशीला पाच, नव्वदीला सहा. घासांचा असा मोजून दिलेला हिशेब आपल्याकडेही आहे, आपस्तंबात (2.4.9.13): संन्याशाला आठ घास, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस, आणि शिकणाऱ्या पोराला हवे तेवढे.