तिच्या गळ्याचे मालक

आमच्या वाद्यवृंदात गाणाऱ्या 15 वर्षांच्या मुलीला कोणी काहीही विचारले, तरी उत्तर तिचे वडीलच देतात, आणि हे आता पाहवत नाही. परवा घसा बसल्यामुळे तिने पट्टी अर्ध्या सुराने उतरवण्याची विनंती हळूच केली, तर वडिलांनी सर्वांदेखत तिला गप्प केले आणि ती गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून मान खाली घालून उभी राहिली. मानधनाचे पाकीट तर थेट त्यांच्याच खिशात जाते. 2017च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बालकलाकाराच्या कमाईचा किमान 20 टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो, असे मी सांगितले, तेव्हा तो नियम 14 वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, हे त्यांनी लगेच ऐकवले. नियम पाठ आहे, पण मुलीच्या दहावीच्या सराव परीक्षेच्याच दिवशी त्यांनी कार्यक्रमाची सुपारी घेतली आहे!