टोनीचं तुणतुणं

अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी चीफ्स या आपल्या संघाच्या चाहत्यांमध्ये एक तुणतुणं अजून वाजतंय: कडेरियस टोनीला नीट खेळवलं असतं तर तो एक नंबरचा रिसीव्हर (फेकलेले पास झेलणारा) झाला असता, कोच अँडी रीडने हिरा मातीत घातला.

पुरावा म्हणून हटकून फेब्रुवारी २०२३चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, काढतात. मोजके स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव), त्यात एक टचडाऊन (गोलपट्टीत चेंडू नेणं) आणि ६५ यार्डांचा विक्रमी पंट रिटर्न, म्हणजे समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू घेऊन उलट पळणं. कबूल, पण पंट रिटर्न म्हणजे रिसीव्हरचा खेळ नव्हे. आणि ते टचडाऊन जरा पुन्हा बघा. टोनी मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपच्या आधीच, आत पळत निघतो, समोरच्या ईगल्सचा बचाव फसतो, स्नॅप होताच हा उलटा वळून बाहेर. आसपास चिटपाखरू नाही. ही करामत चाल रचणाऱ्याची. त्याच क्वार्टरमध्ये दुसऱ्या बाजूने तशाच चालीवर आपल्याच स्काय मूरनेही टचडाऊन केलं. मग मूरही एक नंबर का?

"ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीतला माणूस बसवतात का?" असंही विचारतात. त्याला पहिल्या फेरीत घेतलं ते जायंट्स संघाने. तिथे २०२१मध्ये ३९ कॅच, ४२० यार्ड, टचडाऊन शून्य. पुढच्याच ऑक्टोबरात त्यांनी त्याला आपल्या गळ्यात मारलं.

आता लाडका मुद्दा: संधीच दिली नाही. अहो, दिली की! ७ सप्टेंबर २०२३, लायन्सविरुद्ध हंगामाचा पहिला सामना, आपला भरवशाचा पास झेलणारा केल्सी जायबंदी. टोनीकडे ५ पास फेकले. १ कॅच, १ यार्ड. एक पास त्याच्या हातांतून उडाला तो थेट लायन्सच्या ब्रायन ब्रँचकडे, आणि ब्रँच ५० यार्ड पळत टचडाऊन करून आला. आपण हरलो २१-२०.

डिसेंबरात बिल्सविरुद्ध केल्सीने मागे फेकलेला चेंडू घेऊन टोनी एंड झोनमध्ये (गोलपट्टीत) घुसला. इकडे सोमवारची पहाट, मी सोफ्यावर उभा. तेवढ्यात पंचांचा पिवळा रुमाल, म्हणजे नियमभंगाची खूण, पडलेला दिसला. स्नॅपच्या आधीच टोनी रेषेच्या पुढे उभा होता. पंचांनी आधी सावध करायला हवं होतं, अशी रीडचीही कुरकुर होती. असेल, पण उभं कुठे राहायचं हे रिसीव्हरने बघायचं असतं. हरलो २०-१७.

त्या जुलैत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने त्याचा सराव बुडाला, हे मात्र खरं. हा एकच मुद्दा मला पटतो. पण सरावच नसेल तर पास फेकणाऱ्या महोम्सशी टायमिंग जुळणार कसं? तोवर दुसऱ्या फेरीतला नवखा रशी राइस हळूहळू स्नॅप मिळवत गेला: ७९ कॅच, ९३८ यार्ड. टोनीचे २७ कॅच आणि १६९ यार्ड.

पुढच्या सुपर बोलला टोनी मैदानातच नव्हता. जादा वेळेत ३ यार्डांवरून मेकोल हार्डमन तसाच मोशनमध्ये आत निघाला, उलटा वळला आणि मोकळा सापडला. तोही बदलीच खेळाडू, ऑक्टोबरात जेट्सकडून परत आणलेला. जिंकलो २५-२२.