लिथियम, गोडे पाणी आणि अर्धवट हिशोब

नागपुरात सध्या एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे: ‘एक टन लिथियमसाठी 20 लाख लिटर गोडे पाणी वाफ होऊन जाते, म्हणून विजेची स्कूटर पेट्रोलच्या गाडीहून घातक आहे, आणि यावर दुसरी पद्धतच नाही.’ उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत ओतलेल्या प्रत्येक बादलीचा हिशोब ठेवणाऱ्या शहराला हा आकडा लागणारच. म्हणून तो तपासायला हवा.

आकडा निराधार नाही. चूक ‘गोडे’ या शब्दात आहे. चिलीतील सालार दे आताकामा या क्षारसरोवराखालून उपसले जाणारे पाणी समुद्राहून कितीतरी पट खारट असते आणि त्याच्या एका लिटरमध्ये साधारण दीड ग्रॅम लिथियम असते. त्यातले सगळे हाती लागले तरी एका टनासाठी सुमारे पावणेसात लाख लिटर उपसावे लागेल; मिठागरासारख्या उथळ तळ्यांत वर्ष-दीड वर्ष वाळवताना निम्मे वाया गेले, तर 13 लाखांहून अधिक.

मात्र ‘खारेच पाणी, गेले तर गेले’ हे उत्तरही मला मान्य नाही. आपल्या लोणारच्या विवरात खाऱ्या सरोवराच्या काठाशी गोड्या पाण्याची धार आहे. आताकामाच्या कडेलाही गोडे भूजल आणि जड क्षारजल असेच एकमेकांना टेकून आहेत. मधला उपसा वाढला की कडेची पातळी ढळू शकते, आणि तिथली तळी हा रोहित पक्ष्यांचा आसरा आहे.

स्कूटरचा मुद्दा थोडक्यात. तीन किलोवॅट-तासांच्या बॅटरीत लिथियम अर्ध्या किलोहून जास्त नसते. मजकुराचाच आकडा धरला तरी वाट्याला फार तर हजार लिटर क्षारजल येते. पेट्रोल जळून संपते, लिथियम बॅटरीतच राहते आणि परत काढता येते.

‘दुसरी पद्धतच नाही’ हे मात्र सपशेल खोटे आहे. सर्वाधिक लिथियम ऑस्ट्रेलियातील खडकांतून निघते. क्षारजलापुरते बोलायचे, तर अर्जेंटिनातील सालार देल ओम्ब्रे मुएर्तो येथे 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अधिशोषणाची पद्धत वापरात आहे: ॲल्युमिनियमयुक्त कण लिथियम क्लोराइड धरून ठेवतात आणि उरलेले क्षारजल पुढे जाते. चीनमधील छिंगहाईच्या सरोवरांत मॅग्नेशियम फार असल्याने नुसते वाळवणे जड जाते, म्हणून तिथेही असे कण आणि पटले, म्हणजे क्षार वेगळे करणारे पातळ गाळण-पडदे, वापरतात. वर्षाचे काम तासांवर येते, लिथियम अधिक हाती लागते आणि उरलेले क्षारजल जमिनीखाली परत सोडण्याची शक्यता राहते.

परंतु कणांनी धरलेले लिथियम सोडवायला गोडे पाणीच लागते, आणि काही प्रकारांत ते वाळवण्याच्या पद्धतीहूनही अधिक लागते. म्हणून नव्या पद्धतीची जाहिरात वाचताना मी तीन गोष्टी शोधतो: टनामागे गोडे पाणी किती, त्यातले किती शुद्ध करून पुन्हा वापरले, आणि उरलेले क्षारजल नेमके कुठे सोडले, कारण चुकीच्या जागी सोडल्यास तेच साठा पातळ करते. ओम्ब्रे मुएर्तोच्या परिसरात याच पाण्यावरून वाद न्यायालयात गेला आणि 2024 मध्ये काटामार्का प्रांताच्या न्यायालयाने सर्व प्रकल्पांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास होईपर्यंत नवे परवाने रोखले.